आईसोबत 'फॉग्ज' संपला, आता दोघांनी मिळून काय खेळावं?

रानवारा

नमस्कार मंडळी. आईने आणि मी 'फॉग्ज' हा गेम नुकताच शेवटपर्यंत खेळून संपवला. आई निवृत्त शिक्षिका. शब्दकोडं आणि सुडोकू रोज सोडवते, पण कंट्रोलर तिने आयुष्यात हातात धरला नव्हता. तरी तिने गेम पूर्ण केला, आणि आता तीच विचारते आहे की पुढचा कुठला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'फॉग्ज' हा स्कॉटलंडच्या बिट लूम गेम्सने केलेला आणि कोटसिंकने डिसेंबर २०२० मध्ये आणलेला गेम. कुत्रा एकच, पण त्याला शेपूट नाही, दोन्हीकडे तोंडंच. एक लाल, एक निळं. एक तोंड माझं, दुसरं तुमचं. चावता येतं, भुंकता येतं आणि मधलं अंग ताणून लांब करता येतं. एका तोंडाने पाण्याचा नळ पकडला की पाणी दुसऱ्या तोंडातून बाहेर पडतं. दिवा चावला की पलीकडच्या तोंडातून उजेड. एवढ्या भांडवलावर अन्न, झोप आणि खेळ अशा तीन दुनियांमधली सगळी कोडी सोडवायची. लेव्हल संपली की एक भलाथोरला सापासारखा प्राणी गिळतो आणि पुढे नेऊन सोडतो. आईला तो साप फार आवडला.

हा गेम तिला कशामुळे जमला यावर मी बराच विचार केला. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्यात उडी मारायचं बटणच नाही. प्लॅटफॉर्मर, म्हणजे कडेकपारींवरून पुढे जात राहायचा गेम, म्हटलं की उडी आली, आणि नवख्या माणसाचा अंगठा नेमका तिथेच घाबरतो. इथे वर चढायचं तर मान लांबवायची, काहीतरी दातात धरायचं आणि बाकीचं अंग ओढून घ्यायचं. दुसरं, दोघं एकाच शरीराची दोन टोकं असल्यामुळे सरावलेल्याला पुढे पळून जाताच येत नाही. तिसरं, दरीत पडलात तर लगेच जवळच परत उभे. शिक्षा नाही, 'जीव' संपणं नाही, घड्याळ नाही. शिवाय वाचायला जवळजवळ काहीच नाही.

तर माझं ठाम मत: ज्याने कधीच गेम खेळलेला नाही त्याच्यासोबत बसायला यापेक्षा चांगला गेम नाही. आणि प्रश्न: यानंतर काय? अटी अशा. एकाच टीव्हीसमोर दोघांनी बसून, मिळून खेळायचा. मारामारी नको. वेळेचं बंधन नको. प्राणी असतील तर उत्तमच, कारण आईला माणसांच्या गोष्टीत काडीचाही रस नाही.

ढगोबा

आईंना दंडवत सांगा. धागा वाचनखुणेत टाकला.

बोका_बहाद्दर

चांगला गेम आहे, पण 'यापेक्षा चांगला नाही' हे पटलं नाही. मी आणि रूममेट तो खेळायला बसलो आणि अर्ध्यातच कंटाळलो. कोडं बघताक्षणी सुटतं, मग उरलेला वेळ फक्त त्या कुत्र्याला इकडून तिकडे न्यायचं. चुकलं तरी काहीच बिघडत नसेल तर जमल्याचा आनंद कसला?

दोघांचा खरा गेम बघायचा तर 'ब्रेड अँड फ्रेड'. दोन पेंग्विन, कमरेला दोरी, समोर बर्फाचा डोंगर. स्पेनमधल्या सँडकॅसल्स स्टुडिओचा, मे २०२३ मधला. एकाने कड्याला घट्ट धरून राहायचं, दुसऱ्याने दोरीला लोंबकळत झोका घ्यायचा आणि नेमक्या क्षणी सुटायचं. चुकलात की दोघं गडगडत खाली, कधीकधी थेट पायथ्याशी. पण वर पोचल्यावर आम्ही ज्या आरोळ्या ठोकल्या त्या शेजाऱ्यांनाही आठवत असतील.

सातारकर

ब्रेड अँड फ्रेड आम्ही नवरा-बायकोने लग्नाच्या पहिल्या वर्षी खेळलो. ज्यांचं लग्न ठरतंय त्यांनी पत्रिका बघण्याऐवजी एक संध्याकाळ हा डोंगर चढून बघावा. छत्तीस गुण जुळतात की नाही ते पहिल्या कड्यावरच कळतं.

रानवारा

सातारकर, हा हा. पोचलात का शिखरावर?

सातारकर

पोचलो ना. आता तर मुलगीही झाली.

निळाई

>>चुकलं तरी काहीच बिघडत नसेल तर जमल्याचा आनंद कसला?<<

बोका, हे तुझ्यासारख्या सरावलेल्याला वाटणारच. पण ज्याला स्टिक (कंट्रोलरवरची अंगठ्याने हलवायची दांडी) हलवली की नेमकं कोण हलतंय इथपासून शिकायचंय, त्याच्यासाठी साधं चालणं हेच कोडं असतं. माझ्या सासूबाईंनी 'फॉग्ज'मध्ये पहिल्यांदा नळ दातात धरला आणि पाणी माझ्या तोंडातून उडालं तेव्हा त्या इतक्या हसल्या की खेळ थांबवावा लागला. त्यांच्यासाठी ते शिखरच होतं.

रानवारा, 'कीवी' बघितलास का? न्यूझीलंडच्या कीवी पक्ष्यांची जोडी, जेफ आणि डेब्रा, एक टपाल कार्यालय चालवते. २०२१ चा गेम. पक्षी एवढेसे आणि टपालखात्याची यंत्रं अवाढव्य, त्यामुळे टंकलेखन यंत्राच्या कळांवर उड्या मारून तार लिहायची, चोचीने पाकिटं ओढायची, चिकटवायची. दिसायला अतिशय गोड.

मृद्गंध

निळाई, कीवी गोड आहे यात वादच नाही, पण रानवाराच्या अटींत बसत नाही. प्रत्येक कामाला घड्याळ लावलेलं आहे आणि शेवटी वेळेनुसार पदक मिळतं. ऋतू बदलले की अडचणी वाढत जातात. त्यात इंग्रजी अक्षरं शोधत कळफलकावर धावायचं. माझ्या बाबांना टायपिंग उत्तम येतं, सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षं तेच केलं. पण उड्या मारत टायपिंग करायचं म्हटल्यावर त्यांनी कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला आणि चहा करायला निघून गेले.

फॉग्जबद्दल एक तक्रार मात्र मांडते. तो त्रिमितीत आहे, आणि ज्यांची नजर अशा चित्राला सरावलेली नाही त्यांना एखादी वस्तू पुढे आहे की मागे हे कळत नाही. बाबा सारखे फळाच्या शेजारची हवा चावत होते. कॅमेरा आपोआप फिरतो हे वरदान आहे, नाहीतर उजव्या स्टिकने तोही सांभाळायचा म्हणजे नवख्यांच्या नाकी नऊ. पण काही ठिकाणी तो असा कोन घेतो की दोघांनाही अंतर कळत नाही. नवख्यांसाठी बाजूने दिसणारा, म्हणजे फक्त डावं-उजवं आणि वर-खाली असणारा गेम जास्त सोपा असं माझं मत.

रानवारा

मृद्गंध, अंतराचा मुद्दा अगदी खरा. आईलाही सुरुवातीला तेच व्हायचं. आम्ही युक्ती काढली की आधी मी माझं तोंड त्या वस्तूला लावून धरायचं, मग तिला अंग ताणून त्याच रेषेत येता यायचं. शरीर जोडलेलं असण्याचा हाही फायदा.

पेठेतला_काका

तुम्हा पोरांना वाटतं हे सगळं आत्ता सुरू झालं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम होता, पिवळ्या-काळ्या कॅसेटवाला, ज्यावर 'नव्व्याण्णव हजार गेम' लिहिलेलं असायचं आणि आत तेच आठ-दहा गेम नावं बदलून भरलेले. त्यात कॅपकॉमचा चिप आणि डेलचा गेम होता, मूळचा १९९० चा. दोन खारी. लाकडी खोकी उचलायची आणि शत्रूवर भिरकावायची. आणि त्यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे आपल्या जोडीदारालाही उचलून फेकता यायचं!

मी आणि माझा धाकटा भाऊ त्यापायी इतके भांडलो की आईने गेम माळ्यावर टाकला. तो मला शत्रूच्या अंगावर फेकायचा आणि वर म्हणायचा, "दादा, चुकून झालं."

ढगोबा

काका, "दादा, चुकून झालं" हे आमच्या घरीही रोज ऐकू यायचं. गेम तोच!

कोल्हापुरी_मिसळ

आमच्यात तर फेकलेल्यानं फेकणाऱ्याला खऱ्या जगात उचलून आपटलंय. भावानं अजून माफ केलं नाही बघा.

पेठेतला_काका

हसण्यावारी नेऊ नका, यात रानवाराच्या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या जुन्या गेमांत दोन खेळाडू म्हणजे एकाच जागेत सोडलेले दोन एकटे खेळाडू. एक नसला तरी दुसऱ्याचं काही अडत नाही, उलट बरंच होतं. त्याला छेद देणारा जुना गेम म्हणजे टायटोचा 'बबल बॉबल', १९८६ चा. दोन छोटे ड्रॅगन, तोंडातून फुगे सोडणारे. त्याचा खरा, सुखाचा शेवट दोघांनी मिळून गेम संपवला तरच दिसतो. एकट्याने संपवलात तर गेम सांगतो की मित्राला घेऊन परत या. ड्रॅगनला प्राणी म्हणायचं का ते तुम्ही ठरवा, पण चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार केला होता याचं मला अजून कौतुक वाटतं.

बोका_बहाद्दर

काका, मुद्दा मान्य. म्हणूनच दोरी लागते.

निळाई

दोरी नव्हे, एक शरीर लागतं. दोरीत दोघं वेगळेच असतात आणि एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होते. 'फॉग्ज' शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या तीन पायांच्या शर्यतीसारखा आहे, कुणाचं चुकलं हे ठरवताच येत नाही. पडले तर दोघं, हसले तर दोघं. नवख्या माणसाला 'माझ्यामुळे तुझं गेलं' हे ओझं वाटत नाही. मारिओच्या दोन-चार जणांच्या गेममध्ये उलट होतं. २००९ च्या 'न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी'मध्ये ज्याला जमत नाही तो फुग्यात शिरून तरंगत राहू शकतो. सोय चांगली, पण माझी आत्या सगळा वेळ त्या फुग्यातच बसून राहिली आणि शेवटी म्हणाली, "तुम्ही खेळा, मी बघते." तिथेच तिचं खेळणं संपलं.

टोरांटोकर

छान धागा. आमची परिस्थिती थोडी वेगळी. भाची नाशिकला, मी इथे. एका टीव्हीसमोर बसणं वर्षातून एकदा, तेही जमलं तर. आम्ही स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या 'रिमोट प्ले टुगेदर'वर खेळतो. ही सोय २०१९ मध्ये आली. गेम फक्त एकाने विकत घ्यायचा, त्याच्या संगणकावर तो चालतो, त्याचं चित्र दुसऱ्याकडे जातं आणि दुसऱ्याच्या कंट्रोलरची बटणं इकडे येतात. गेमला वाटतं दोघं शेजारी बसलेत.

अनुभवातून दोन गोष्टी सांगतो. चित्र जातं ते यजमानाच्या इंटरनेटवरून, त्यामुळे ज्याच्याकडे अपलोडचा वेग चांगला त्याने यजमान व्हावं. आणि पाहुण्याला नेहमी थोडा उशीर जाणवतो. भारत आणि कॅनडा हे अंतर बघता तो जाणारच नाही. त्यामुळे ब्रेड अँड फ्रेडसारखा गेम, जिथे दोरी सोडायचा क्षण महत्त्वाचा, तो आम्ही लवकरच सोडून दिला. बिचारी भाची बरोबर वेळी सुटायची आणि पेंग्विन उशिरा. फॉग्जमध्ये मात्र उशीर चालून जातो. चावून धरलेलं तोंड धरलेलंच राहतं, कुणी घाई करत नाही. तेव्हा वेळेचं बंधन नसणं हे फक्त वयस्कर माणसांसाठी नाही, दूर राहणाऱ्यांसाठीही महत्त्वाचं आहे.

सातारकर

टोरांटोकर, हा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. धन्यवाद. बहीण सिंगापूरला असते, या शनिवारी करून बघतो.

अबोली_म्हापसा

एक बारकी सूचना. फॉग्ज एकट्याने खेळायचा तर कंट्रोलरचा डावा अर्धा भाग एका तोंडाला आणि उजवा अर्धा दुसऱ्या तोंडाला असतो. आम्हा दोघी बहिणींचा एक कंट्रोलर मध्येच बंद पडला तेव्हा आम्ही उरलेल्या एकाचीच दोन टोकं दोघींनी धरली. खांद्याला खांदा लावून बसावं लागतं, मग ती स्वतःही ताणली जाते आणि मलाही ओढते. फार मजा आली. नवा कंट्रोलर आल्यावरही दोन-तीनदा मुद्दाम तसंच खेळलो.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या घरी कुत्रा आहे, मोती. गेममधलं लाल तोंड भुंकलं की मोती उठतो, टीव्हीच्या मागे जाऊन बघतो, कोणी नाही दिसलं की आमच्याकडे पाहून भुंकतो. मग पोट्टे मुद्दाम भुंकायचं बटण दाबतात. शेवटी आवाज बंद करून खेळा लागते. याच्यावर काही उपाय असंल तर सांगा भाऊ.

कोल्हापुरी_मिसळ

मोतीला पण एक कंट्रोलर द्या की.

उत्तरायण

रानवारा, तुमच्या अटी वाचल्या आणि एकच नाव डोळ्यांसमोर आलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'नेव्हर अलोन', दुसरं नाव 'किसिमा इन्गिचुना'. नोव्हेंबर २०१४. अलास्कातल्या इन्युपियाक लोकांच्या कथेवरचा गेम. नुना नावाची मुलगी आणि एक पांढरा आर्क्टिक कोल्हा. गावावर न संपणारं हिमवादळ आलंय, ते कुठून येतंय ते शोधायला ही दोघं निघतात. एकाने नुना खेळायची, एकाने कोल्हा. बाजूने दिसणारा गेम आहे, त्यामुळे मृद्गंध यांची अंतराची अडचण इथे येत नाही. नुना गोफणीसारखं दोरीचं हत्यार फेकून बर्फ फोडते. कोल्हा चपळ, उभ्या भिंती चढतो, आणि तो जवळ आला की हवेतले मदतनीस आत्मे दिसू लागतात आणि त्यांच्यावर पाय ठेवून पुढे जाता येतं. म्हणजे कोल्हा वाट उघडतो आणि नुना त्या वाटेने जाते. दोघांची कामं खरोखर वेगळी आहेत. वारा सुटला की दोघांनी जमिनीला घट्ट धरून बसायचं. आमच्या घरी यासाठी "बस खाली!" ही आरोळी ठरलेली होती.

पण मला या गेमबद्दल एवढं प्रेम वाटायचं कारण निराळं आहे. अँकरेजच्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलने, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या संस्थेने, अपर वन गेम्स ही स्वतःची कंपनी काढली आणि ई-लाइन मीडियाच्या साथीने हा गेम केला. गोष्ट सांगणारा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत इन्युपियाक भाषेत आहे, खाली इंग्रजी ओळी येतात. मूळ कथा रॉबर्ट नासरुक क्लीव्हलंड या कथाकाराने सांगितलेली. गेम करणाऱ्यांनी त्यांच्या कन्या मिनी ग्रे यांना भेटून संमती घेतली. कथा त्या घराची आहे हे मान्य करूनच काम पुढे गेलं. खेळता खेळता छोट्या चित्रफिती खुल्या होत जातात. त्यात तिथली म्हातारी माणसं, शिकारी आणि कलाकार बर्फाबद्दल, वाटून खाण्याबद्दल आणि आकाशातल्या ध्रुवप्रकाशाबद्दल स्वतः बोलतात. माझ्या मुलाने गेमपेक्षा त्या जास्त वेळा बघितल्या. २०१५ मध्ये या गेमला पदार्पणासाठीचा ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

उणी बाजू: उड्या आहेत. सुरुवातीलाच पांढरं अस्वल मागे लागतं, तिथे पळावं लागतं आणि नवखा माणूस बऱ्याचदा पकडला जातो. मात्र पुन्हा सुरुवात जवळूनच होते. आईंना कोल्हा द्यावा की नुना? मी म्हणेन आधी नुना द्या आणि कोल्हा तुम्ही घ्या. कोल्ह्याच्या भिंतीवरच्या उड्यांना हात बसावा लागतो. आणि मध्यावर कोल्ह्याच्या बाबतीत एक घटना घडते, ती इथे सांगत नाही. आईंचं मन हळवं असेल तर रुमाल जवळ असू द्या.

ढगोबा

सुंदर प्रतिसाद. आजच घेतो.

मृद्गंध

उत्तरायण, मनापासून आभार. संमती घेण्याची गोष्ट फार आवडली. आपल्याकडच्या वारली पाड्यांवरच्या, गोंडांच्या, भिल्लांच्या कितीतरी कथांत माणूस आणि प्राणी बरोबरीने वावरतात. त्या समाजातल्या लोकांच्या हातून, त्यांच्या आवाजात असा गेम व्हावा असं फार वाटतं. कुणीतरी बाहेरून येऊन चित्रं उचलून नेण्यापेक्षा या पद्धतीने.

बोका_बहाद्दर

मराठी मुलुखात गेम होतात बरं का. 'राजी' पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा, २०२० चा. पण तो एकट्याने खेळायचा आणि त्यात भरपूर मारामारी, त्यामुळे या धाग्यात बसत नाही. माणसं आहेत, कौशल्य आहे. दोन जणांचा, साधा, प्राण्यांचा गेम करायला कथा कमी पडणार नाहीत हे मृद्गंधचं म्हणणं शंभर टक्के खरं.

पेठेतला_काका

कावळा आणि चिमणी! एकाचं घर शेणाचं, एकीचं मेणाचं. पाऊस आला की दोघांनी मिळून ते घर वाचवायचं. करा रे कुणीतरी.

निळाई

काका, मूळ गोष्टीत चिमणी दारच उघडत नाही! "थांब, माझ्या बाळाला तीट लावते."

पेठेतला_काका

म्हणून तर गेम हवा. या वेळी उघडेल.

सातारकर

अवांतर: 'इट टेक्स टू' अजून कुणी कसा सुचवला नाही? हेझलाइटचा, मार्च २०२१ चा, त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून गौरवलेला. दोघांपैकी एकानेच विकत घ्यायचा, दुसऱ्याला मित्राचा मोफत पास. दर तासाला खेळायची पद्धतच बदलते. खारी आणि गांधीलमाश्यांचं युद्धसुद्धा आहे.

अबोली_म्हापसा

सातारकर, गेम अप्रतिम, पण लहान मूल शेजारी असेल तर जरा जपून. ज्यांना खेळायचाय त्यांनी पुढची दोन वाक्यं गाळा. त्यात एक कापडी हत्तीण आहे, आणि आपल्या दोघांना आपल्याच हातांनी तिला ओढत कड्यावरून खाली टाकावं लागतं. ती विनवण्या करत असते, तरी गेम दुसरा पर्यायच देत नाही. माझी पुतणी त्यानंतर रात्रभर स्वतःच्या हत्तीला कुशीत घेऊन झोपली. शिवाय गोष्ट घटस्फोट घ्यायला निघालेल्या आई-बापाची. रानवाराच्या आईंना माणसांच्या गोष्टी नकोत, तेव्हा ते तसंही बाद.

सातारकर

हो, ती हत्तीण. आम्हीही कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ गप्प बसलो होतो. सूचना योग्य.

चहाबिस्कीट

हॉस्टेलवर असाल तर 'पिको पार्क'. दोन ते आठ जण, चिमुकली मांजरासारखी पात्रं, सगळ्यांनी किल्ली घेऊन दारापर्यंत पोचायचं. एक जरी मागे राहिला तरी दार पार होत नाही. आमच्या मजल्यावर परीक्षेच्या आदल्या रात्री खेळलो.

मृद्गंध

परीक्षेचं काय झालं?

चहाबिस्कीट

सगळे पास. कुणालाच मागे ठेवता येत नव्हतं ना.

निळाई

रानवारा, अजून एक. प्लॅटफॉर्मर नाही, पण तुझ्या बाकी सगळ्या अटींत बसतो. हंसाचा गेम, 'अनटायटल्ड गूस गेम'. मेलबर्नच्या हाउस हाउसचा, सप्टेंबर २०१९ चा. वर्षभराने त्यात मोफत भर घालून दोन हंसांची सोय केली. इंग्लंडमधल्या एका टुमदार गावात जाऊन लोकांच्या खोड्या काढायच्या. माळ्याच्या किल्ल्या पळवायच्या, त्याचं दंताळं तळ्यात टाकायचं. एकाने ओरडून लक्ष वेधायचं आणि दुसऱ्याने वस्तू लांबवायची. पाठीमागे द्यबुसी या फ्रेंच संगीतकाराच्या पियानोरचना वाजतात, आणि तुम्ही शांत असाल तर त्याही थबकतात, धावलात की धावतात. उडी नाही, मरण नाही.

रानवारा

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. दोन्ही गेम घेतले, हंसाचा आणि नेव्हर अलोन. सुरुवात हंसाने केली.

आई हंस म्हणून जन्मली असावी इतक्या चटकन तिला चालणं आणि ओरडणं जमलं. अडचण वेगळीच आली. मी माळ्याच्या किल्ल्या पळवल्या की ती मागून येऊन त्या परत नेऊन ठेवते. म्हणते, "बिचारा सकाळपासून राबतोय, त्याला कशाला छळायचं?" पिकनिकचं सामान गोळा करायला मात्र तयार झाली, कारण "ते चादरीवर नीट मांडायचंय." शाळेत तिने अडतीस वर्षं मुलांना दुसऱ्याच्या वस्तू परत करायला शिकवलं, ते एका गेमसाठी मोडायचं नाही असं तिने मला स्वच्छ सांगितलं. आणि खरं सांगते, त्यातही आम्ही खूप रमलो. माळ्याला पत्ता न लागता वस्तू परत ठेवणं हे चोरण्याइतकंच अवघड आहे.

बोका, तुझा मुद्दा अजून डोक्यात आहे. फॉग्जच्या शेवटच्या भागात आई मला म्हणाली होती, "आता थोडं कठीण असतं तरी चाललं असतं." तेव्हा चूक महाग नसली तरी पायरी चढती हवी, हे मला पटलं. फक्त पहिली पायरी डोंगर नको.

बोका_बहाद्दर

>>पहिली पायरी डोंगर नको<<

मान्य. आणि ब्रेड अँड फ्रेडमध्ये मनाला येईल तिथे झेंडा रोवून चेकपॉइंट करायची सोय सेटिंगमध्ये आहे, ती सुरू केली की पडल्यावर झेंड्यापासून पुन्हा सुरुवात. नेव्हर अलोननंतर काकूंना विचारून बघ. पेंग्विन कुणाचं काही चोरत नाहीत.

वऱ्हाडी_ठेचा

हंसाच्या गेममध्ये मोती काय करते पाहिलं. हंस ओरडला की पलंगाखाली. भुंकणं परवडलं.

उत्तरायण

रानवारा, नेव्हर अलोन सुरू कराल तेव्हा एक करा. चित्रफिती खुल्या झाल्या की लगेच बघा, शेवटी एकदम बघायला ठेवू नका. त्या त्या टप्प्यावर जे सांगतात ते पुढच्याच प्रसंगात कामी येतं. आणि अस्वलाच्या पाठलागात आईंनी फक्त उजवीकडे स्टिक धरून ठेवायची, बर्फाच्या कडा आल्या की तुम्ही "उडी" म्हणा. आमच्याकडे आजोबा तसेच पार झाले.

रानवारा

लिहून घेतलं. आईने विचारलंय, कोल्हा कधी खेळायला मिळेल?

उत्तरायण

अस्वल मागे पडलं की लगेच. कंट्रोलर बदलून घ्या, गेमची काही हरकत नसते.